शेलचेक लावलं तरी सीआय कधी खोटं हिरवं, कधी उगाच लाल? या क्रमाने तपासा

शेलचेक म्हणजे शेल स्क्रिप्ट न चालवताच त्यातल्या चुका दाखवणारं टूल (असल्या टूलला लिंटर म्हणतात), आणि सीआय म्हणजे कोड पुश केला की आपोआप चालणाऱ्या तपासण्या. आधी लक्षणं बघू, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल.

- सीआय हिरवंगार आहे, पण स्क्रिप्ट उघडली की चूक समोरच पडलेली असते, आणि तीच फाईल आपल्या मशीनवर शेलचेकला दिली की ते लगेच ओरडायला लागतं.
- याच्या बरोब्बर उलट: लोकलला एकदम शांत, पुश केलं की लाल.
- काल हिरवं होतं, मधे कोणी स्क्रिप्टला हातसुद्धा लावला नाही, आज डॉक्युमेंटेशनमधली एक ओळ बदलणाऱ्या पुल रिक्वेस्टवर लाल फुली.
- विंडोजवाल्या एका कॉन्ट्रिब्युटरकडे प्रत्येक ओळीवर एरर, बाकी कोणाकडेच नाही.
- एससी१०९१ किंवा एससी१०९० (शेलचेकच्या प्रत्येक तक्रारीला असा एक कोड असतो) चा पाऊस, म्हणजे 'सोर्स केलेली फाईल मला सापडत नाहीये' अशी तक्रार, आणि फाईल तर तिथेच असते.
- सगळ्या वॉर्निंग एका दमात काढल्या, मर्ज झालं, आणि दुसऱ्या दिवशी इन्स्टॉलर चालेना. हे सगळ्यात वाईट, याच्याकडे शेवटी येतो.

छोट्या ओपन सोर्स प्रोजेक्टांचं सीआय सांभाळताना हेच दुखणं मी वेगवेगळ्या रेपोंमध्ये परत परत दुरुस्त केलंय आणि दर वेळी कारण बहुतेक करून शेलचेकच्या आत नसतं, त्याच्या आजूबाजूला आपण जे यॅमल, म्हणजे सीआयची सेटिंग फाईल, लिहिलेलं असतं त्यात असतं. शेलचेक स्वतः बऱ्यापैकी भरवशाचं आहे, २०१२ पासून आहे, हॅस्केलमध्ये लिहिलंय, आणि त्याला दिलेली फाईल ते नीट वाचतं. प्रश्न असतो तो 'दिलेली' या शब्दाचा. म्हणून खालचा क्रम फुकटातल्या तपासण्यांपासून सुरू होतो आणि डोकं खाणाऱ्या गोष्टी शेवटी येतात. मधलं सोडून उडी मारू नका, कारण पहिल्या तीन तपासण्यांतच बहुतेकांचं काम होतं.

मुद्दाम लाल करून बघा

एक वेगळी ब्रँच काढा. तीन फाईली टाका: एक रेपोच्या मुळाशी, एक तीन-चार फोल्डर खोल, आणि एक 'बिन' नावाच्या फोल्डरमध्ये एक्स्टेन्शन नसलेली. तिन्हींत वर शेबँग (स्क्रिप्ट कुठल्या शेलने चालवायची ते सांगणारी पहिली ओळ) आणि खाली अर्धवट सोडलेला इफ, म्हणजे शेवटचा एफआय लिहायचाच नाही. पुश करा आणि बघा तिन्ही पकडल्या जातात का.

अर्धवट इफच का, कोट्स विसरलेलं व्हेरिएबल का नाही? कारण कोट्सवाली तक्रार, ती सुप्रसिद्ध एससी२०८६, शेलचेकच्या हिशेबात 'इन्फो' पातळीची आहे. कोणीतरी कधीतरी सिव्हेरिटी (किती गंभीर तक्रारींपासून दाखवायचं ती पातळी) 'वॉर्निंग'वर नेऊन ठेवली असेल तर ती दिसणारच नाही आणि तुम्हाला वाटेल लिंटर मेलाय. अर्धवट इफ मात्र सरळ एरर असतो, तो कुठल्याही पातळीला दिसायलाच हवा. (आणि हो, सिव्हेरिटी वर नेणाऱ्या बऱ्याच लोकांना आपण एससी२०८६ बंद केलंय हे माहीतच नसतं, ज्याच्यासाठी मुळात शेलचेक लावलं तेच बंद.)

तिन्ही लाल झाल्या तर पुढचे दोन भाग सोडा. एखादी निसटली तर पुढे वाचा.

फाईलींची यादी छापा

शेलचेक स्वतःहून फोल्डरमध्ये शिरत नाही. त्याला रिकर्सिव्ह असा पर्यायच नाही, फाईलींची नावं आपण द्यायची. आणि ही नावं देण्याच्या ओळीतच निम्मी गडबड असते.

सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे दोन स्टार, स्लॅश, स्टार डॉट एसएच. लिहिणाऱ्याला वाटतं दोन स्टार म्हणजे सगळे फोल्डर, पण बॅशमध्ये ग्लोबस्टार चालू केल्याशिवाय दोन स्टार एका स्टारसारखेच वागतात. म्हणजे फक्त एक पातळी खाली बघितलं जातं. मुळातल्या फाईली सुटतात, खोलवरच्याही सुटतात, मधल्या तेवढ्या तपासल्या जातात, आणि सीआय म्हणतं ऑल गुड. ज्याने लिहिलं त्याच्याकडे झेडशेल होतं, तिथे हे बिनबोभाट चालतं, त्यामुळे त्याला शंका येत नाही.

दुसरा प्रकार जास्त गमतीचा. गिट एलएस-फाईल्सला स्टार डॉट एसएच द्यायचं, पण कोट्सशिवाय. आता मुळाशी एकही डॉट एसएच फाईल नसेल तर शेल तो स्टार तसाच गिटकडे सोडतं आणि गिट अख्ख्या रेपोत शोधतं, सगळं झकास. मग एके दिवशी कोणीतरी मुळाशी एक इन्स्टॉल डॉट एसएच टाकतं. आता शेल स्वतःच स्टारचा विस्तार करून टाकतं, गिटला फक्त ते एक नाव मिळतं, आणि बाकी सगळ्या स्क्रिप्ट त्या दिवसापासून तपासणीतून गायब. लाल काहीच होत नाही, उलट सीआय जरा फास्ट झालं म्हणून लोक खूश. त्या पॅटर्नभोवती सिंगल कोट्स घातले की विषय संपला.

तिसरं, एक्स्टेन्शन नसलेल्या स्क्रिप्ट. बिनमधल्या, गिट हुकच्या, डेबियन पॅकेजच्या पोस्टइन्स्टसारख्या. डॉट एसएच शोधून या कधीच मिळणार नाहीत. यासाठी सगळ्यात सोपं म्हणजे एसएचएफएमटीला (शेल स्क्रिप्टचं फॉरमॅटिंग करणारं टूल) मायनस एफ देऊन फोल्डर दाखवायचा, ते एक्स्टेन्शन आणि शेबँग दोन्ही बघून यादी देतं. ते टूल नको असेल तर गिट ग्रेपने शेबँगच्या ओळी शोधा, चालतं.

कुठलीही पद्धत घ्या, पण यादी आधी लॉगमध्ये छापा आणि मगच शेलचेकला द्या. आपण काय तपासलं हे लॉगमध्ये दिसत नसेल तर हिरव्या टिकला काही अर्थ नाही. आणि यादी रिकामी आली तर स्टेप फेल झाली पाहिजे, कारण एक्सआर्ग्सला (यादीतली नावं दुसऱ्या कमांडला पुरवणारी कमांड) मायनस आर दिलेलं असेल तर रिकाम्या यादीवर ते गुपचूप शून्य देऊन मोकळं होतं.

यॅमलमधल्या रन ब्लॉकमधलं शेल आणि डॉकरफाईलमधलं रन हेही शेलच आहे, पण शेलचेक तिकडे बघत नाही. त्यासाठी अ‍ॅक्शनलिंट आणि हॅडोलिंट आहेत, दोघेही आतून शेलचेकचीच मदत घेतात. हे नंतर लावा, आधी घरचं बघा.

एरर वरपर्यंत पोचतोय का

लॉगमध्ये वॉर्निंग दिसतायत पण टिक हिरवी, असं असेल तर एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा, शून्य म्हणजे पास) मधेच कुठेतरी गळतोय. शेलचेक काही सापडलं तर १ देतं, फाईल वाचता आली नाही तर २. हा आकडा स्टेपच्या शेवटापर्यंत पोचायला हवा.

गळतीच्या नेहमीच्या जागा बघा. फाईंडला मायनस एक्झेक देऊन शेवटी बॅकस्लॅश सेमीकोलन लिहिला असेल तर आतली कमांड कितीही फेल होवो, फाईंड शून्यच देतं. शेवटी अधिकचं चिन्ह वापरलं तर मात्र फेल वर येतं, शिवाय एकाच वेळी बऱ्याच फाईली जातात म्हणून वेगही वाढतो. एक कॅरेक्टरचा फरक, पण त्यामुळे लिंटर वर्षभर शोभेचा झालेला मी बघितलाय.

दुसरी जागा पाईप. शेलचेकचं आऊटपुट 'टी' या कमांडकडे पाठवून फाईलमध्ये साठवायचं, ही सवय चांगली आहे, पण पाईपफेल (मधली कमांड फेल झाली तरी अख्खी पाईपलाईन फेल धरणारं सेटिंग) नसेल तर पाईपलाईनचा निकाल म्हणजे टीचा निकाल, आणि टी कायम पास होतं. गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये इथे एक खोच आहे: स्टेपला शेल काही सांगितलंच नाही तर लिनक्सवर बॅश मायनस ई चालतं, पाईपफेलशिवाय. पण 'शेल: बॅश' असं स्पष्ट लिहिलं की पाईपफेलसकट चालतं. दोन्हीकडे बॅशच, पण वागणं वेगळं. तेव्हा ती एक ओळ लिहा.

मग ओळीच्या शेवटचं 'ऑर ट्रू', स्टेपवरचं कन्टिन्यू-ऑन-एरर, हे कोणीतरी घाईत टाकून विसरलेलं असतं, शोधून काढा. आणि ब्रँच प्रोटेक्शनमध्ये हा जॉब रिक्वायर्ड आहे का तेही बघा, नाहीतर लाल फुलीसकट मर्ज होतच राहतं. फक्त रिक्वायर्ड करण्याआधी पाथ फिल्टर (ठराविक फाईली बदलल्या तरच वर्कफ्लो चालवायची अट) काढा. फिल्टरमुळे अख्खा वर्कफ्लो स्किप झाला तर रिक्वायर्ड चेक पेंडिंगवरच अडकून बसतो, मग कोणाची तरी रीडमी सुधारणारी बिचारी पुल रिक्वेस्ट आठवडाभर लटकते.

व्हर्जन जुळवा

काल हिरवं आज लाल, आणि कोड तोच, म्हणजे नव्वद टक्के हेच. दोन्हीकडे शेलचेकचं व्हर्जन छापा, दहा सेकंदांचं काम.

उबुंटू २२.०४ च्या पॅकेजमध्ये ०.८.० आहे, २४.०४ मध्ये ०.९.०. तुमच्या वर्कफ्लोत 'उबुंटू लेटेस्ट' लिहिलेलं असेल तर २०२४ च्या शेवटी ते २०२५ च्या सुरुवातीच्या काळात गिटहबने ते लेबल २२.०४ वरून २४.०४ वर नेलं तेव्हा तुमचा लिंटर तुम्हाला न विचारता बदलला. आणि ०.९.० मध्ये एससी२३१७ आलं, 'ही कमांड कधी चालेल असं वाटत नाही' अशी तक्रार. ट्रॅपमधून (स्क्रिप्ट संपताना किंवा सिग्नल आल्यावर काय चालवायचं ते सांगणारी कमांड) किंवा व्हेरिएबलमधल्या नावाने बोलावलेली फंक्शन्स ज्यांच्याकडे होती त्यांच्या स्क्रिप्टवर याचा नुसता सडा पडला. लोकांनी कोड चुकला समजून चांगली क्लीनअप फंक्शन्स काढून टाकल्याचंही बघितलंय. तसं करू नका, ती फंक्शन्स चालतात, शेलचेकला फक्त ते आडवळण दिसत नाही. त्या फंक्शनच्या वर शेलचेकचं डिसेबल डिरेक्टिव्ह (तेवढी तक्रार बंद करणारी कमेंट) लिहा आणि कारण लिहा.

उपाय साधा आहे, एक ठराविक रिलीज पिन करा. डॉकर इमेज वापरत असाल तर 'स्टेबल' टॅगऐवजी आकडा. प्री-कमिट (कमिट करण्याआधी तपासण्या चालवणारं टूल) वापरत असाल तर तिथलाही रेव्ह, म्हणजे व्हर्जन, तोच ठेवा. व्हर्जन वाढवायचं ते वेगळ्या पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे नव्या तक्रारी कुठून आल्या ते कोणालाही कळतं.

प्री-कमिटवरून आठवलं, ते डिफॉल्टने फक्त स्टेज केलेल्या फाईली बघतं आणि सीआय सगळ्या. 'माझ्याकडे पास झालं' याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच असतो. ऑल-फाईल्स देऊन एकदा चालवायला सांगा.

लपलेली सेटिंग

लोकलला शांत आणि सीआयला लाल, व्हर्जनही सारखं, तर होम फोल्डरमध्ये डॉट शेलचेकआरसी आहे का बघा. शेलचेक आधी स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये ही फाईल शोधतं, मग एकेक फोल्डर वर जातं, आणि कुठेच नाही मिळाली तर होममधली उचलतं. ऑफिसच्या कामासाठी कधीतरी तिथे चार कोड डिसेबल केलेले असतात, ते तुमच्या ओपन सोर्स रेपोलाही लागू होतात. तसंच शेलचेक_ऑप्ट्स नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, ते तर कोणाला आठवतही नाही. ते व्हेरिएबल काढून आणि नोआरसी पर्याय देऊन चालवलं की दूध का दूध होतं.

रेपोच्या मुळाशी स्वतःची आरसी फाईल ठेवा, म्हणजे होमपर्यंत पाळी जाणारच नाही. डॉकरमधून चालवत असाल तर अख्खा रेपो माऊंट करा, नुसता स्क्रिप्ट्स फोल्डर माऊंट केला तर मुळाशी ठेवलेली आरसी कंटेनरला दिसणारच नाही.

शेबँग आणि ओळींचे शेवट

विंडोजवाल्याकडे प्रत्येक ओळीवर एससी१०१७ म्हणजे कॅरेज रिटर्न. गिटच्या ऑटोसीआरएलएफने चेकआऊट करताना ओळींचे शेवट बदललेत. त्याला 'तुझं एडिटर नीट सेट कर' सांगून उपयोग नाही, उद्या दुसरा येईल. रेपोत डॉट गिटअ‍ॅट्रिब्यूट्स टाका, डॉट एसएचसाठी ईओएल एलएफ, मग गिट अ‍ॅडला रीनॉर्मलाईज देऊन एक कमिट. एक्स्टेन्शन नसलेल्यांची नावं त्यात वेगळी लिहावी लागतील.

शेबँगचं जरा सविस्तर सांगतो कारण इथे लोक चुकीच्या बाजूने तोडगा काढतात. वर लिहिलंय बिन एसएच, आणि आत डबल स्क्वेअर ब्रॅकेट, अ‍ॅरे, सगळं बॅशचं सामान. शेलचेक मग एससी३०१०, एससी३०३० असले तीन हजारच्या घरातले कोड देतं. लोक काय करतात, तर ही सगळी मालिका डिसेबल करून टाकतात, 'माझ्याकडे तर चालतंय' म्हणून. फेडोरावर चालेलच, तिथे एसएच म्हणजे बॅशच आहे. पण उबुंटूवर २००६ मधल्या ६.१० पासून एसएच म्हणजे डॅश आहे, अल्पाईनच्या कंटेनरमध्ये बिझीबॉक्सचं अ‍ॅश असतं, तिथे ही स्क्रिप्ट खरोखर मरते. तेव्हा ठरवा: बॅश लागणारच असेल तर शेबँग बॅशचा करा आणि रीडमीत तसं लिहा, नाहीतर स्क्रिप्ट खरंच पॉसिक्स (सगळ्या एसएचना समान असलेलं मानक) करा. मधलं काही नाही.

इथेच शेलचेकची एक मर्यादा. बॅशचं कुठलं व्हर्जन आहे हे ते बघत नाही. मॅकबरोबर येणारं बॅश अजून ३.२ आहे, २००७ च्या आसपासचं, नंतरच्या जीपीएल ३ लायसनमुळे अ‍ॅपलने पुढचं घेतलंच नाही. असोसिएटिव्ह अ‍ॅरे आणि मॅपफाईल बॅश ४ मध्ये आले. लिंट पास, लिनक्स पास, आणि मॅकवाला युजर इश्यू उघडतो. यावर लिंटरकडे औषध नाही, मॅक रनरवर स्क्रिप्ट एकदा चालवूनच बघायची.

झेडशेलच्या स्क्रिप्ट यादीतून वगळा, शेलचेकला त्या येत नाहीत.

सोर्सची भानगड

एससी१०९१ आणि एससी१०९०. आधी मायनस एक्स दिलंय का बघा, त्याशिवाय शेलचेक यादीत नसलेल्या सोर्स फाईली उघडतच नाही. दिलंय तरी सापडत नाही, तर कारण बहुधा हे: सापेक्ष पाथ तो स्क्रिप्टच्या जागेपासून मोजत नाही, शेलचेक जिथून चालवलं तिथून मोजतो. तुम्ही स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये उभे राहून चालवता, सीआय रेपोच्या मुळाशी उभं असतं. आरसी फाईलमध्ये सोर्स-पाथला स्क्रिप्टडिर असं लिहा, बस. पाथ व्हेरिएबलमधून येत असेल तर त्या ओळीच्या वर सोर्स डिरेक्टिव्ह देऊन खरी फाईल दाखवा.

सगळीकडे एससी१०९१ डिसेबल करणं हा सोपा मार्ग आहे पण महाग पडतो, कारण मग लायब्ररीत डिफाईन केलेली व्हेरिएबल्स शेलचेकला दिसत नाहीत आणि एससी२१५४ चा ('हे व्हेरिएबल कुठे भरलेलंच दिसत नाही') वेगळाच तमाशा सुरू होतो, मग तेही डिसेबल, असं करत करत हातात काही उरत नाही.

जुन्या रेपोवरचा ढिगारा

पहिल्यांदा लावलं आणि शेकड्याने तक्रारी आल्या, तर सगळ्या एका पुल रिक्वेस्टमध्ये काढायला जाऊ नका. सीआयमध्ये सिव्हेरिटी 'एरर'वर ठेवून गेट चालू करा, मग 'वॉर्निंग', मग पुढे. आणि शेवटची पायरी गाठायची आहे हे इश्यू उघडून नोंदवून ठेवा, नाहीतर वर सांगितलं तसं एससी२०८६ कायमचं बंद राहतं.

ज्या फाईली आपल्या नाहीत त्यांना हात लावायचा नाही. ग्रेडलडब्ल्यू, कॉन्फिग डॉट गेस, ऑटोकॉन्फने बनवलेलं कॉन्फिगर, हे सगळं यादीतून वगळा. तिथे केलेली दुरुस्ती पुढच्या अपडेटला पुसली जाते.

साध्या कोट्सच्या दुरुस्त्या शेलचेक स्वतः डिफ म्हणून देतं, तो गिट अप्लायने लावता येतो. पण लावल्यावर ओळ न् ओळ वाचा, का ते पुढे. आणि एसएचएफएमटीने फॉरमॅट करायचं असेल तर तो वेगळा कमिट, त्याचा हॅश ब्लेम-इग्नोअर फाईलमध्ये (गिट ब्लेमने वगळायच्या कमिटांची यादी). फॉरमॅटिंग आणि खऱ्या दुरुस्त्या एकत्र आल्या की रिव्ह्यू करणारा माणूस वाचायचं सोडून देतो, आणि नेमकं तेव्हाच काहीतरी निसटतं.

हिरवं केलं आणि स्क्रिप्ट मोडली

आता सगळ्यात अवघड भाग. शेलचेक सांगतं ते बहुतेक वेळा बरोबर असतं. एका युजरच्या फोल्डरचं नाव 'लग्नाचे फोटो' आहे आणि तुमची बॅकअप स्क्रिप्ट $फोल्डर कोट्सशिवाय वापरते, तर कमांडला 'लग्नाचे' आणि 'फोटो' अशी दोन वेगळी नावं मिळतात. कमांड आरएम असेल तर पुढचं सांगायला नको. २०१५ च्या जानेवारीत लिनक्सवरच्या स्टीमच्या स्क्रिप्टने याच जातीची चूक गाजवली होती, फक्त तिथे कोट्स होते आणि व्हेरिएबल रिकामं निघालं, त्यामुळे आरएम मायनस आरएफ पुढे नुसता स्लॅश आणि स्टार उरला, आणि युजरच्या फाईली गेल्या. आज शेलचेक त्यावर एससी२११५ देतं आणि व्हेरिएबलला कोलन-प्रश्नचिन्ह लावायला सांगतं, म्हणजे रिकामं असेल तर तिथेच थांबेल. ही वॉर्निंग कधीच डिसेबल करू नका.

पण कोट्स लावल्याने मोडणाऱ्या जागाही आहेत. $ऑप्शन्स नावाच्या एका स्ट्रिंगमध्ये तीन-चार फ्लॅग स्पेस देऊन भरलेले असतात आणि ती मुद्दाम कोट्सशिवाय वापरलेली असते. तिला कोट्स घातले की चारही फ्लॅग मिळून एकच लांबलचक आर्ग्युमेंट बनतं आणि कमांड म्हणते हा कसला पर्याय. ऑक्टोबरात हॅक्टोबरफेस्टच्या (ओपन सोर्सला हातभार लावायला लोकांना बोलावणारा उपक्रम) वेळी आलेल्या उत्साही पुल रिक्वेस्टमध्ये हे हमखास असतं. बरोबर उत्तर म्हणजे अ‍ॅरे. पण तिथेही थांबा: सेट मायनस यू (न भरलेलं व्हेरिएबल वापरलं की स्क्रिप्ट थांबवणारं सेटिंग) चालू असेल आणि अ‍ॅरे रिकामा असेल, तर बॅश ४.४ च्या आधी 'अनबाऊंड व्हेरिएबल' म्हणून स्क्रिप्ट मरते, आणि मॅकवर ३.२ आहे हे आत्ताच वर बघितलं. पॉसिक्स एसएच असेल तर अ‍ॅरे नाहीतच, तिथे फंक्शनच्या आत सेट डबल-डॅशने पोझिशनल पॅरामीटर भरून घ्यायचे.

अजून एक, एससी२१५५. लोकल आणि असाइनमेंट एकाच ओळीत असेल तर आतल्या कमांडचं अपयश झाकलं जातं, म्हणून दोन ओळी करा असं ते सांगतं. सल्ला योग्यच. पण समजा आत ग्रेप मायनस सी आहे, मोजणी करणारा. एकही ओळ जुळली नाही तर तो ० छापतो आणि एक्झिट कोड १ देतो. आधी लोकलने तो १ झाकला होता, स्क्रिप्ट पुढे जात होती. आता दोन ओळी केल्या आणि वर सेट मायनस ई (कमांड फेल होताच स्क्रिप्ट थांबवणारं सेटिंग) आहे, तर शून्य मोजणी आली की स्क्रिप्ट एक अक्षर न बोलता बंद. टेस्टमध्ये कायम काहीतरी जुळतं म्हणून तिथे दिसत नाही, रिकाम्या मशीनवर पहिल्यांदा इन्स्टॉल करणाऱ्याला दिसतं.

म्हणून एससी२०८६, एससी२०४६, एससी२१५५ आणि सीडीवालं एससी२१६४, यांच्या दुरुस्त्या मर्ज करण्याआधी स्क्रिप्ट खरी चालवा: एकदा नावात स्पेस असलेल्या फोल्डरमध्ये, एकदा रिकाम्या फोल्डरमध्ये. बॅट्सच्या (बॅश स्क्रिप्ट टेस्ट करायचं टूल) टेस्ट असतील तर उत्तम, नसतील तर कंटेनरमध्ये हाताने.

इथे थांबा आणि जाणत्याला बोलवा

काही ठिकाणी लिंटच्या निमित्ताने हात घालायचाच नाही. स्क्रिप्ट रूट म्हणून चालते आणि आत इव्हॅल (स्ट्रिंगलाच कमांड म्हणून चालवणारी कमांड) आहे, ज्यात बाहेरून आलेलं इनपुट जातंय, तर ते मूळ लेखक किंवा सिक्युरिटी समजणाऱ्या माणसाशिवाय बदलू नका. इव्हॅलचं कोटिंग अंदाजाने कधीच नीट होत नाही. रिलीज साइन करणाऱ्या, की हाताळणाऱ्या स्क्रिप्ट मेंटेनरच्या. डेटा मायग्रेशन आणि डिस्क फॉरमॅट करणाऱ्या स्क्रिप्ट, ज्या तुम्ही कुठेच चालवून बघू शकत नाही, त्याही तशाच. सोलॅरिस किंवा एआयएक्सवरच्या जुन्या केशेलसाठी लिहिलेल्या स्क्रिप्ट असतील तर ती मशीन ज्याच्याकडे आहे त्याला विचारा.

आणि फोर्कवरून आलेल्या पुल रिक्वेस्टवर लिंटच्या कमेंट टाकता येत नाहीत म्हणून वर्कफ्लोचा ट्रिगर पुल-रिक्वेस्ट-टार्गेट करायचा सल्ला कोणी दिला तर तिथल्या तिथे थांबा. तो ट्रिगर मूळ रेपोच्या परवानग्या आणि सीक्रेट्स घेऊन चालतो, त्यात कोणाचाही अनोळखी कोड चेकआऊट करून चालवणं म्हणजे घराची किल्ली वाटणं. कमेंट नाही आल्या तरी चालतील, लॉगमध्ये दिसतंय ना.

जाणत्याकडे सोपवताना इश्यूत एवढं द्या: एससी कोड, शेलचेकचं व्हर्जन, स्क्रिप्टचा शेबँग, ती नेमकी ओळ, आणि ती कुठल्या कुठल्या सिस्टिमवर चालायला हवी. तोपर्यंत सीआय अडवून ठेवायची गरज नाही, त्याच एका ओळीच्या वर डिसेबल टाका, शेजारी इश्यूचा नंबर लिहा. फक्त डिरेक्टिव्ह शेबँगच्या लगेच खाली, पहिल्या कमांडच्या आधी टाकू नका, तिथे ते अख्ख्या फाईलला लागू होतं. आणि सापडलेली चूक कोणी गैरवापर करू शकेल अशी असेल तर उघड इश्यू नको, प्रोजेक्टच्या सिक्युरिटी फाईलमध्ये दिलेल्या खाजगी मार्गाने कळवा.